काळाशी खेळ : 'प्लेइंग फॉर टाइम' आणि 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटांतील बंदिवान व त्यांचे गाणे

तुरुंग आणि गाणे यांचे नाते मराठवाड्यातील वाचकाला नव्याने समजावून सांगावे लागत नाही. परंडा तालुका निजामाच्या राज्यातील उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात मोडत असताना, १९३८ साली औरंगाबादच्या इंटरमिजिएट महाविद्यालयातील आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी 'वंदे मातरम्' म्हणण्याचा आग्रह धरला. त्यांना काढून टाकण्यात आले आणि त्यांच्यापैकी अनेकांनी नागपूर विद्यापीठाच्या आश्रयाने आपले शिक्षण पुरे केले. त्याच काळात हैदराबादच्या तुरुंगात फटक्यांची शिक्षा भोगणाऱ्या रामचंद्रराव या सत्याग्रहीने प्रत्येक फटक्यागणिक तेच दोन शब्द उच्चारले आणि पुढे 'वंदेमातरम् रामचंद्रराव' हीच त्यांची ओळख झाली. आपल्या सामूहिक स्मरणातील बंदिवानाचे गाणे हे असे आहे. सत्ता ते बंद करू पाहते आणि बंदिवान ते म्हणत राहतो. गाणे म्हणजे स्वातंत्र्य, हे समीकरण आपल्या मनात इतके पक्के बसले आहे की, सत्तेनेच गाण्याची आज्ञा केली तर काय, हा प्रश्न आपल्या समीक्षेने फारसा विचारलेला नाही.

आर्थर मिलर यांच्या पटकथेवरील 'प्लेइंग फॉर टाइम' हा चित्रपट याच प्रश्नाभोवती उभा आहे. ३० सप्टेंबर १९८० रोजी अमेरिकेतील सीबीएस वाहिनीवरून तो प्रथम प्रक्षेपित झाला. दिग्दर्शन डॅनियल मान यांचे होते. मिलर हे नाव आपल्याकडील इंग्रजीच्या अभ्यासक्रमात 'डेथ ऑफ अ सेल्समन' (१९४९) या नाटकापुरते सीमित राहिले आहे. परंतु १९६४ साली फ्रँकफर्ट येथे ऑशविट्झच्या अधिकाऱ्यांवर चाललेला खटला त्यांनी प्रत्यक्ष उपस्थित राहून पाहिला होता आणि त्याच वर्षी 'इन्सिडेंट अॅट विशी' हे नाटक लिहिले होते. प्रस्तुत लेखात या चित्रपटाचे परीक्षण करताना त्याच्या शेजारी व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) ठेवून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. ही तुलना केवळ सोयीची नाही. या दोन चित्रपटांमध्ये एक ऐतिहासिक धागाही आहे. त्याचा उल्लेख पुढे येईल.

प्रथम शीर्षकाविषयी. मूळ आत्मकथन फानिया फेनेलॉन या पॅरिसमधील गायिकेचे. ते १९७६ साली फ्रेंच भाषेत प्रसिद्ध झाले आणि त्याच्या फ्रेंच शीर्षकाचा आशय 'वाद्यवृंदाला मिळालेली शिक्षेची तहकुबी' असा आहे. फाशीची शिक्षा रद्द झालेली नाही, फक्त पुढे ढकलली गेली आहे, असा तो कायद्याच्या भाषेतील शब्द. इंग्रजी शीर्षकात वाद्य वाजविणे आणि मुदत मिळविणे असे दोन अर्थ एकत्र आले आहेत. मराठीत हा श्लेष जसाच्या तसा उतरत नाही. परंतु मराठीजवळ याहून भेदक शब्द आहे. 'काळ' म्हणजे समय आणि काळ म्हणजे मृत्यूही. संगीतशास्त्रात तालाच्या दहा प्राणांत पहिला प्राण कालच मानला आहे. त्या छावणीतील स्त्रिया काळाशी खेळत होत्या असे म्हटले तर एकाच शब्दात सर्व आले.

चित्रपटाची पार्श्वभूमी ध्यानात घेण्यासाठी काही तपशील आवश्यक आहेत. ऑशविट्झ-बिर्केनाऊ या छळछावणीत सुमारे ११ लाख माणसे मारली गेली. त्यांत सुमारे १० लाख ज्यू होते. या छावणीतील स्त्रियांच्या विभागाची प्रमुख मारिया मांडल हिच्या आज्ञेने १९४३ च्या वसंतात बंदिवान स्त्रियांचा एक वाद्यवृंद उभा करण्यात आला. झोफिया चायकोव्स्का ही पोलिश शिक्षिका त्याची पहिली संचालिका होती. ऑगस्ट १९४३ मध्ये ही जबाबदारी अल्मा रोझे हिच्याकडे आली. अल्मा ही व्हिएन्ना फिलहार्मोनिकचे अग्रणी व्हायोलिनवादक आर्नोल्ड रोझे यांची कन्या आणि गुस्ताव्ह माहलर यांची भाची. युरोपीय संगीताच्या जगात यापेक्षा मोठे घराणे सांगता येणार नाही. तिच्या हाती जे आले ते मात्र मँडोलिन, गिटार, अॅकॉर्डियन, काही व्हायोलिने, बासऱ्या, ढोल आणि बहुतांशी हौशी अशा तरुण मुली. बऱ्याच काळपर्यंत चेलो हे गंभीर स्वराचे वाद्यच त्यांच्यात नव्हते. ते आनिता लास्कर या किशोरवयीन ज्यू मुलीच्या आगमनाने मिळाले.

या वाद्यवृंदाचे मुख्य काम मैफली करणे हे नव्हते, ही गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. सकाळी कामाच्या टोळ्या छावणीच्या दरवाजातून बाहेर पडताना आणि सायंकाळी परत येताना पथसंचलनाच्या धून वाजविणे हे त्यांचे काम होते. पावले एका तालात पडली की रांगा सरळ राहतात आणि रांगा सरळ राहिल्या की मोजणी सोपी जाते. लयीचा उपयोग येथे शुद्ध प्रशासकीय होता. रविवारच्या मैफली आणि अधिकाऱ्यांच्या फर्माइशी ही त्यावरची भर. या बदल्यात वादक स्त्रियांना वेगळी बराक, काहीसे बरे कपडे आणि मुख्य म्हणजे बाहेरच्या जीवघेण्या श्रमांतून सुटका मिळत असे. अल्माच्या हाताखाली वाजविलेल्या बहुतेक स्त्रिया युद्धानंतर जिवंत राहिल्या. स्वतः अल्मा ४ एप्रिल १९४४ च्या रात्री अचानक आजारी पडून मरण पावली.

मिलर यांची पटकथा फानियाला जानेवारी १९४४ मध्ये छावणीत आणते. पहिल्या काही प्रसंगांत बोलणे फार थोडे आहे. केस कापले जातात, कपडे काढून घेतले जातात, हातावर क्रमांक गोंदला जातो आणि प्रेक्षक ज्या स्त्रीला आतापर्यंत चेहऱ्याने ओळखत होता तिला आता ओळखणे कठीण होते. फानियाची भूमिका करणाऱ्या व्हॅनेसा रेडग्रेव्ह यांनी यासाठी खरोखरच आपले केस काढले होते. त्यानंतर 'मादाम बटरफ्लाय' या पुच्चिनीच्या ऑपेरातील गाणे कोणाला येते, अशी विचारणा होते. फानियाला ते येते. ती गाते, तिची निवड होते, आणि ती एक अट घालते : प्रवासात सोबत आलेल्या मारियान या तरुण मुलीलाही घेतले पाहिजे. गाण्याच्या मोबदल्यात एक जीव मागून घेण्याचा हा सौदा चित्रपटातील पहिला नैतिक विजय वाटतो. मिलर मात्र तो फार काळ टिकू देत नाहीत. हीच मारियान पुढे अन्नासाठी शरीर विकते. फानियाला ते असह्य होते. पण भूक तिलाही आहे आणि ते अन्न तिच्याही पोटात जाते. शेवटी बर्गन-बेल्झनच्या प्रवासात मारियान पहारेकऱ्यांची हस्तक बनून फानियालाच मारहाण करते. ज्याचा जीव वाचवला त्याने कृतज्ञ राहावे ही आपली कथेकडून असणारी अपेक्षा पटकथाकाराने मोडली आहे. आणि ती मोडताना मारियानला खलनायिकाही केलेले नाही. हा मिलर यांच्या लेखणीचा संयम म्हटला पाहिजे.

चित्रपटाचा कणा म्हणजे फानिया आणि अल्मा यांच्यातील संघर्ष. जेन अलेक्झांडर यांनी उभी केलेली अल्मा कठोर आहे, चुकलेल्या मुलींवर हात उगारते, स्वर लागेपर्यंत थांबत नाही. बराकीबाहेर धुराडे आहे. ती त्याकडे पाहण्याचे नाकारते. पाहिले तर वाजविता येणार नाही आणि वाजविता आले नाही तर सर्वांचाच अंत, असे तिचे तर्कशास्त्र. फानिया मात्र पाहण्याचा निर्णय घेते. रात्र रात्र जागून, मूळ स्वरलेख उपलब्ध नसताना, स्मरणाच्या आधाराने ती वाद्यमेळासाठी रचना लिहून काढते आणि त्याच वेळी खिडकीबाहेर काय चालले आहे हे मनात नोंदवीत राहते.

मराठी समीक्षेच्या अभ्यासकाला येथे ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या नावाने ओळखला जाणारा वाद आठवल्यावाचून राहत नाही. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, या प्रश्नावर पदव्युत्तर वर्गांतून आपण वर्षानुवर्षे उत्तरे लिहून घेत आलो आहोत. बिर्केनाऊच्या त्या बराकीत हा वाद शब्दशः खरा झाला आणि खरा होताच त्याच्या दोन्ही बाजू कोसळल्या. अल्माची शुद्ध कलानिष्ठा ही प्रत्यक्षात चाळीसेक स्त्रियांचे प्राण वाचविणारी व्यवस्था होती. म्हणजे तिची 'कलेसाठी कला' हीच सर्वांत जीवनवादी होती. आणि 'जीवनासाठी कला' म्हणावे तर तेथे कला ही खरोखरच, अगदी भाकरीच्या तुकड्याच्या मापाने, जीवनासाठी होती. परंतु ज्यांच्या मृत्यूची मिरवणूक तिच्या तालावर चालली त्यांच्या जीवनासाठी नव्हती. बा. सी. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मध्ये कलाकृतीचा विचार लयीच्या तत्त्वांनी, तिच्या अंतर्गत रचनेच्या आधारे केला. त्या कसोटीवर अल्माने बसविलेली एखादी रचना उत्तीर्ण होईल. परंतु तीच लय दरवाजापाशी कैद्यांची पावले मोजण्यासाठी वापरली जात असेल तर लयीचा विचार रचनेच्या आत संपतो असे म्हणता येईल काय? मर्ढेकरांवर हा आक्षेप नाही, त्यांचा प्रश्न वेगळा होता. परंतु त्यांचे निकष शिकविताना हे उदाहरण समोर ठेवले तर चर्चा पाठ्यपुस्तकाबाहेर जाईल, एवढे निश्चित.

याहून अवघड प्रश्न श्रोत्याचा आहे. शर्ली नाइट यांनी साकारलेली मांडल ही चित्रपटातील सर्वांत अस्वस्थ करणारी व्यक्तिरेखा आहे. ती एका बंदिवान बालकाला उचलून आणते, त्याचे लाड करते, आणि पुढे कर्तव्य म्हणून त्याला मृत्यूच्या स्वाधीन करते. त्यानंतर ती वाद्यवृंदाच्या बराकीत येते आणि 'मादाम बटरफ्लाय'मधील गाणे म्हणायला सांगते. या ऑपेरातील आईला आपले मूल सोडून द्यावे लागते, हे लक्षात घेतले म्हणजे या फर्माइशीचा अर्थ उलगडतो. मांडल ऐकते आणि तिचे डोळे भरून येतात. हे अश्रू खोटे आहेत असे चित्रपट कोठेही सुचवीत नाही.

आपल्या काव्यशास्त्रात रसास्वादाचा अधिकारी 'सहृदय' मानला आहे. भट्टनायकाच्या साधारणीकरणाच्या सिद्धांतानुसार रसिक स्वतःच्या 'मी'पासून मोकळा होतो, भाव कोणा एकाचा राहत नाही. मांडलच्या बाबतीत ही प्रक्रिया पूर्ण झालेली दिसते. किंबहुना ती झाल्यामुळेच स्वतःच्या कृत्याचा शोक तिला एका जपानी स्त्रीच्या शोकात विसर्जित करता येतो. साधारणीकरण येथे पापक्षालनाचे साधन झाले आहे. संगीत आणि कला यांपासून वंचित असलेल्या माणसाला भर्तृहरीने पशूच्या पंक्तीत बसविले होते. संगीताची उत्तम जाण असलेला योझेफ मेंगले सेलेक्शनच्या कामातून उसंत काढून बराकीत येई आणि शूमानची एक हळुवार रचना आनिता लास्करकडून चेलोवर ऐकून जाई, ही घटना खुद्द आनिताने सांगितली आहे. भर्तृहरीच्या वचनाचा व्यत्यास खरा ठरत नाही हे यावरून दिसते. कलाशिक्षणाने माणूस संस्कारित होतो असे आपण महाविद्यालयीन समारंभांतून सहज बोलतो. ते बोलताना थोडे थांबावे, इतका परिणाम या एका प्रसंगाने व्हायला हरकत नाही.

चित्रपटाच्या सत्यतेविषयी मात्र काही गंभीर आक्षेप घेतले गेले आहेत आणि समीक्षकाने ते टाळणे योग्य होणार नाही. फेनेलॉन यांच्या आत्मकथनावर वाद्यवृंदातील अनेक जिवंत राहिलेल्या स्त्रियांनी नापसंती व्यक्त केली. विशेषतः अल्माचे चित्र एका अहंमन्य, अधिकाऱ्यांपुढे नमणाऱ्या हुकूमशहासारखे रंगविले गेले, हे त्यांना मान्य नव्हते. आनिता लास्कर-वॉलफिश यांचे 'इन्हेरिट द ट्रूथ' हे आत्मकथन १९९६ मध्ये आले. रिचर्ड न्यूमन यांनी कॅरेन कर्टली यांच्या सहकार्याने लिहिलेले अल्मा रोझे हिचे चरित्र २००० साली प्रसिद्ध झाले. या ग्रंथांतून दिसणारी अल्मा कठोर आहेच. पण त्या कठोरपणामुळेच आपण वाचलो अशी तिच्या मुलींची भावना आहे. चित्रपटात अल्माला मत्सरापोटी विष दिले जाते असे दाखविले आहे. प्रत्यक्षात तिच्या मृत्यूचे कारण निश्चित झालेले नाही. अन्नातून झालेली विषबाधा ही अधिक संभवनीय मानली जाते. पटकथेला खलकृत्याची गरज होती, इतिहासाला नव्हती. मिलर यांच्यासारख्या लेखकाने येथे नाट्याचा सोपा मार्ग स्वीकारला, हे नमूद करावे लागते.

उलट, माला झिमेटबाउम हिचे कथानक चित्रपटाने बऱ्याच अंशी प्रामाणिकपणे घेतले आहे. माला ही छावणीतील दुभाषी; जून १९४४ मध्ये ती आपल्या पोलिश मित्रासह पळाली, पकडली गेली आणि सप्टेंबरमध्ये तिला सर्वांसमक्ष मारण्यात आले. तिच्या प्रसंगात संगीत नाही. वाद्यवृंदातील स्त्रिया केवळ पाहतात. कलेच्या द्वारे जगणे आणि पळून जाऊन मरणे असे दोन मार्ग दिग्दर्शकाने शेजारी ठेवले आहेत आणि त्यांची तुलना करण्याचे काम प्रेक्षकावर सोपविले आहे.

भूमिकेच्या निवडीवरूनही वादळ उठले. रेडग्रेव्ह यांनी १९७७ साली 'द पॅलेस्टिनियन' या माहितीपटाची निर्मिती केली होती आणि १९७८ च्या ऑस्कर समारंभातील त्यांचे भाषण गाजले होते. पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेची बाजू घेणाऱ्या अभिनेत्रीने ऑशविट्झमधून वाचलेल्या स्त्रीची भूमिका करावी, याला ज्यू संघटनांनी आणि स्वतः फेनेलॉन यांनी जाहीर विरोध केला. भूमिका त्यांच्याकडेच राहिली. त्यांना, जेन अलेक्झांडर यांना आणि मिलर यांना त्या कामासाठी एमी पुरस्कार मिळाले. (पुढे १९८२ मध्ये बॉस्टन सिंफनी या वाद्यवृंदाने राजकीय निषेधाच्या धास्तीने रेडग्रेव्ह यांचा सहभाग असलेले कार्यक्रम रद्द केले आणि प्रकरण न्यायालयात गेले. वाद्यवृंद आणि राजकीय दडपण हा विषय युद्धाबरोबर संपला नव्हता.) प्रस्तुत लेखकाच्या मते, नटाच्या राजकीय मतांवरून भूमिकेचे मूल्यमापन करता येत नाही. ज्या स्त्रीचे आयुष्य पडद्यावर येत आहे तिला बोलण्याचा अधिकार आहे, तो डावलला गेला, ही बाब वेगळी. आणि ती खटकते.

आता 'दो आँखें बारह हाथ'कडे वळू. राजकमल कलामंदिरच्या या चित्रपटाची कथा ग. दि. माडगूळकर यांची, गीते भरत व्यास यांची आणि संगीत वसंत देसाई यांचे. सहा खुनी कैद्यांना घेऊन आदिनाथ हा जेलर एका उजाड माळावर शेती करतो, आणि त्या कैद्यांतील माणूस जागा होतो, हे कथासूत्र सर्वपरिचित आहे. त्याचा आधार आपल्याच महाराष्ट्रात घडलेला प्रयोग आहे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे भिंती नसलेली कैद्यांची वसाहत सुरू केली. ही वसाहत पुढेही खुले कारागृह म्हणून चालू राहिली. या प्रयोगामागील प्रमुख प्रेरणा मॉरिस फ्रीडमन यांची होती. फ्रीडमन हे वॉर्सात वाढलेले ज्यू अभियंते. म्हैसूर संस्थानातील विद्युत कारखान्याच्या कामासाठी ते भारतात आले, गांधीजींच्या सहवासात आले, औंधच्या राज्यघटनेच्या घडणीत त्यांनी भाग घेतला, आणि पुढे निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणे 'आय अॅम दॅट' (१९७३) या ग्रंथाद्वारे त्यांनीच जगासमोर आणली. मुंबईत त्यांचे निधन झाले.

म्हणजे पोलंडमधील एका गावाजवळ युरोपातील ज्यूंसाठी तारांचे कुंपण आणि धुराडी उभारली जात होती, त्याच वर्षांत पोलंडमधलाच एक ज्यू सांगली भागातील माळरानावर तुरुंगाच्या भिंती काढून टाकण्याच्या कामात गुंतला होता. त्या कामावर आधारलेल्या चित्रपटाला १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वल देऊन गौरविण्यात आले. योगायोगांना फार महत्त्व देऊ नये हे खरे. पण बर्लिन हे नाव वाचून क्षणभर थबकावेसे वाटते.

याच काळातील आणखी एक नाव येथे ओघाने आठवते. वॉल्टर काउफमान हे बोहेमियातील ज्यू संगीतकार १९३४ साली मुंबईस पोहोचले आणि आकाशवाणीत पाश्चात्त्य संगीताचे काम पाहू लागले. आकाशवाणीच्या आरंभधूनचे श्रेय सामान्यतः त्यांना दिले जाते. परंड्यासारख्या गावातील दोन-तीन पिढ्यांची सकाळ ज्या सुरांनी झाली, ते सूर अल्मासारख्याच परंपरेत वाढलेल्या, परंतु वेळेवर बाहेर पडू शकलेल्या माणसाचे आहेत.

शांतारामांच्या चित्रपटातील प्रार्थना, 'ऐ मालिक तेरे बंदे हम', ही लता मंगेशकर यांच्या स्वरात सर्वदूर पोहोचली. वसंत देसाई यांनी तिची चाल मुद्दाम सोपी, कोणालाही समूहात म्हणता येईल अशी ठेवली आहे. संगीतदृष्ट्या हा निर्णय महत्त्वाचा आहे. अल्माच्या वाद्यवृंदात जो चुकेल तो वगळला जाण्याचे भय होते. येथे बेसूर माणसालाही जागा आहे. चित्रपटात कैदी गातात ते श्रम झाल्यानंतर, स्वतःच्या हातांनी पिकविलेल्या मातीवर उभे राहून. ऐकणारा कोणी अधिकारी नाही, कारण अधिकारीच त्यांच्यात उभा आहे. गाणारा आणि ऐकणारा यांच्यातील अंतर नाहीसे होणे हे या प्रार्थनेचे वैशिष्ट्य आहे, आणि 'प्लेइंग फॉर टाइम'मध्ये हेच अंतर मृत्यूइतके मोठे आहे.

तथापि शांतारामांचा चित्रपट आपण समजतो तितका निर्व्याज नाही. शीर्षकातील दोन डोळे जेलरचे आहेत. कैदी पळून जाण्याचा विचार करतात तेव्हा हे डोळेच त्यांना आठवतात आणि परत आणतात. भिंती काढल्या, पण पहारा मनात नेऊन बसविला, अशीही या प्रतिमेची चिकित्सा करता येईल. कैद्यांचा पूर्वायुष्यातील राग, त्यांचे खून, त्यांच्या बळींची घरे, यांना कथेत अत्यल्प स्थान आहे. बाजारातील हितशत्रूंनी सोडलेल्या बैलांशी झुंजताना आदिनाथ प्राण देतो, आणि त्याच्या बलिदानाने प्रश्न मिटल्यासारखे वाटतात. हा शेवट भावनेला पटतो, विचाराला तितकासा नाही. शिवाय ही प्रार्थना आज शाळांतून आणि कारागृहांतून रोज म्हटली जाते, बहुधा रांगेत आणि वेळापत्रकानुसार. सक्तीचे गाणे केवळ परदेशातील छावण्यांत असते असे नाही. अर्थात या दोन सक्ती एका मापाने मोजणे हा अविचार होईल, आणि तसे येथे सुचवावयाचे नाही.

दोन्ही चित्रपट समोरासमोर ठेवले असता मला अधिक प्रामाणिक वाटतो तो मिलर यांचा, आणि अधिक सुंदर वाटतो तो शांतारामांचा. 'दो आँखें बारह हाथ'मधील काळ्यापांढऱ्या छटांचे आकाश, पहिल्या पावसाचे दृश्य, संध्या यांची खेळणी विकणारी चंपा, ही सर्व सामग्री चित्रभाषेच्या दृष्टीने 'प्लेइंग फॉर टाइम'च्या दूरचित्रवाणीसाठी बेतलेल्या, संवादावर विसंबणाऱ्या मांडणीपेक्षा कितीतरी समृद्ध आहे. मिलर यांची पात्रे काही ठिकाणी प्रबंधातल्यासारखी बोलतात. परंतु गाण्याविषयीचा आपला भाबडा विश्वास कसोटीला लावण्याचे धैर्य त्यांच्यात आहे. ब्रूस बेरेसफर्ड यांच्या 'पॅरडाइज रोड' (१९९७) मध्ये सुमात्रातील जपानी छावणीत स्त्रिया स्वेच्छेने कंठसंगीताचा वृंद उभारतात. तेथे गाणे पुन्हा आपल्या ओळखीच्या, दिलासा देणाऱ्या रूपात येते आणि चित्रपट सुखद, पण सोपा होतो.

एका बाबतीत मात्र 'प्लेइंग फॉर टाइम' कमी पडतो, आणि ती बाब गौण नाही. बिर्केनाऊच्या पुरुषांच्या वाद्यवृंदाचे संचालक शिमोन लाक्स यांनी युद्धानंतर लिहिले की, संगीताने बंदिवानांचे मनोधैर्य वाढविले हा समज निराधार आहे. भुकेने आणि श्रमाने खचलेल्या माणसाला ते संगीत अधिकच खचवीत असे. प्रिमो लेव्ही यांनीही, आजारी बंदिवान म्हणून खाटेवर पडून ऐकलेल्या त्या पथसंचलनाच्या धूनचे वर्णन करताना, छावणीच्या स्मृतींपैकी तिचा सर्वांत शेवटी विसर पडेल असे म्हटले आहे. म्हणजे या संगीताचा खरा श्रोतृवर्ग मांडल किंवा मेंगले नव्हता. तो रोज दरवाजातून जाणाऱ्या हजारो स्त्रियांचा होता. त्यांच्या कानांनी हे वादन कसे ऐकले असेल? चित्रपटाचा कॅमेरा बहुतेक वेळ बराकीच्या आत, वादकांच्या चेहऱ्यांवर असतो. बाहेरची रांग अधूनमधून, पार्श्वभूमीसारखी दिसते. एखाद्या ठिकाणी बंदिवान स्त्रिया वादकांकडे तिरस्काराने पाहतात आणि फानिया नजर चुकविते. एवढा क्षण सोडला तर रांगेतील स्त्रीला आवाज नाही. जगलेल्या व्यक्तीच्या आत्मकथनावर बेतलेल्या कलाकृतीची ही मर्यादा स्वाभाविक आहे, कारण त्या रांगेतील बहुतेकींनी आत्मकथने लिहिली नाहीत.

नोव्हेंबर १९४४ मध्ये वाद्यवृंदातील ज्यू स्त्रियांना बर्गन-बेल्झनला नेण्यात आले. तेथे वाद्ये नव्हती, वाद्यवृंद नव्हता, आणि त्यामुळे तहकुबीही नव्हती. १५ एप्रिल १९४५ रोजी ब्रिटिश सैन्याने ती छावणी मुक्त केली तेव्हा फानिया टायफसच्या तापाने जवळजवळ संपली होती. चित्रपटात एक सैनिक तिच्यापुढे ध्वनिमुद्रणाचे यंत्र धरतो आणि ती फ्रान्सचे राष्ट्रगीत गाते. आवाज फुटत नाही, श्वास पुरत नाही, सूर घसरतात. कोणी तिला ते गायला फर्मावलेले नाही आणि चुकल्याबद्दल तिला कोणी वगळणार नाही. संपूर्ण चित्रपटात रेडग्रेव्ह सर्वांत बेसूर गातात ते येथेच.